शंका तुमच्या : इग्वानोडॉनचं शिंग

प्रश्न : लेकीने लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेतला फोटो पाठवला. त्यात इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या पुतळ्याला नाकावर शिंग आहे. नातवाच्या पुस्तकात तेच शिंग अंगठ्यावर! खरं काय? – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, पुस्तक बरोबर आहे. गिडिअन मँटेल या इंग्लिश डॉक्टरांनी १८२५ मध्ये या प्राण्याला नाव दिलं. दात इग्वाना सरड्यासारखे, म्हणून इग्वानोडॉन. हाडं सुटी सुटी मिळालेली. त्यातलं एक टोकदार हाड त्यांनी नाकावर बसवलं. बागेतले पुतळे १८५४ चे, तेव्हाच्या समजुतीचे. ते तसेच जपलेत, हे मला फार आवडतं.

१८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळसा खाणीत, ३२२ मीटर खोल, तिसाहून जास्त सांगाडे सापडले. बरेचसे अखंड! तेव्हा कळलं, ते हाड अंगठ्याचं.

ब्रसेल्सच्या संग्रहालयात काचेपलीकडे ते सांगाडे ओळीने उभे आहेत. मी आधी हातच पाहिले. मधली तीन बोटं जाडजूड, चालताना टेकायला. करंगळी सडपातळ, बहुधा पाला धरायला. आणि बाजूला तो सुळा. शत्रूला भोसकायला की फांद्या ओढायला, यावर अजून वाद आहे. नातवाला स्वतःचा अंगठा ताठ धरून बघायला सांगा.