न पाहिलेल्या माणसांचे चेहरे

मागे मेइजी काळातल्या, म्हणजे सम्राट मेइजींच्या राजवटीतल्या (1868 ते 1912) जपानी नोटांविषयी लिहिताना एदोआर्दो क्योस्सोने या इटालियन खोदकाराचं, म्हणजे नोटा छापायचे धातूचे ठसे कोरणाऱ्या कारागिराचं, नाव ओझरतं आलं होतं. त्यांच्यावरच इतके प्रश्न आले, की बाकीचं टपाल या वेळी बाजूला ठेवतो.

हा इटालियन माणूस जपानच्या सरकारी छापखान्यात पोहोचला कसा?

जर्मनीमार्गे. जन्म 1833 चा, इटलीतल्या जेनोवाजवळच्या आरेन्झानो गावातला. जेनोवाच्या लिगुस्तिका कला अकादमीत ते खोदकाम शिकले आणि पुढे नोटांच्या कामासाठी फ्रँकफुर्टच्या दोंडोर्फ-नाउमान कारखान्यात गेले. मेइजी सरकारने 1872 साली आणलेल्या नव्या नोटा याच कारखान्यात छापलेल्या. पण आपल्या चलनाचे ठसे परक्याच्या हातात किती दिवस ठेवायचे? तेव्हा नोटा घरीच छापायच्या आणि शिकवायला माणूसच बोलवायचा, असं ठरलं. क्योस्सोने 1875 मध्ये टोकियोत आले ते तीन वर्षांच्या करारावर. छापखान्यात राहिले 1891 पर्यंत. नोटा, टपाल तिकिटं, रोखे असे पाचशेच्या वर ठसे त्यांच्या नावावर आहेत, आणि त्यांच्या हाताखाली जपानी खोदकारांची एक पिढी तयार झाली.

क्योस्सोनेंनी काढलेलं सायगो ताकामोरींचं प्रसिद्ध चित्र दोन वेगळ्या माणसांचे चेहरे जोडून केलंय म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. सायगो म्हणजे शोगुनांना हटवून सम्राटाची सत्ता आणणाऱ्या मेइजी क्रांतीचे एक मोठे सेनानी. पुढे सरकारविरुद्धच उठाव करून 1877 मध्ये ते मारले गेले. त्यांचा खात्रीचा म्हणावा असा एकही फोटो नाही आणि क्योस्सोनेंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी चेहऱ्याचा वरचा भाग धाकटा भाऊ त्सुगुमिची यांच्यावरून घेतला, खालचा चुलतभाऊ ओयामा इवाओ यांच्यावरून. गंमत अशी, की जोड कुठेच दिसत नाही. रुंद कपाळ, दाट भुवया, जड हनुवटी, सगळं एकाच माणसाचं वाटतं.

टोकियोच्या उएनो बागेतल्या सायगोंच्या पुतळ्याचं 1898 मध्ये अनावरण झालं, तेव्हा त्यांची विधवा म्हणाली की आमचे हे असे नव्हते. ती चेहऱ्याबद्दल बोलली की घरगुती कपड्यांतल्या त्या अवताराबद्दल, यावर वाद आहे. मला कपड्यांचीच शक्यता जास्त वाटते. काही असो, आज जपानी माणसाला सायगो म्हटलं की क्योस्सोनेंनी रचलेलाच चेहरा आठवतो.

सम्राट मेइजींचं गाजलेलं चित्र फोटो आहे की रेखाटन?

रेखाटनाचा फोटो! सम्राटांना कॅमेऱ्यासमोर बसायचा कंटाळा. आधीचे फोटो 1872-73 चे, तोवर फारच जुने झालेले. म्हणून 1888 च्या जानेवारीत, सम्राट एका ठिकाणी जेवायला बसले असताना क्योस्सोनेंना सरकत्या दाराआड बसवलं आणि त्यांनी लपूनच कच्ची रेखाटनं केली. त्यांवरून कोंते या कडक चित्रखडूने पूर्ण चित्र काढलं, त्याचा फोटो घेतला आणि त्याच्या प्रती शाळाशाळांत गेल्या. शिक्षक आणि मुलं त्यासमोर वाकायची. मला विचाराल तर हा सम्राट जरा युरोपीय राजांच्या घाटाचा झालाय. पण दरबाराला बहुधा तेच हवं होतं.

नोटेवर चेहराच का? वेलबुट्टी जास्त किचकट नाही का?

किचकट असेल, पण वेलबुट्टीत दोन रेषा चुकल्या तर कोणाच्या लक्षात येत नाही. डोळ्याची रेष केसभर सरकली तर माणूसच बदलतो, आणि ते निरक्षरालाही कळतं.

खोदायचं हत्यार म्हणजे तिरकं घासलेली पोलादी सळई, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. वळणावर हात वळवायचा नाही, ज्यावर खोदायचं तो धातूचा पत्रा वळवायचा. हत्यार पुढे ढकलत राहायचं. दाब वाढला की रेष जाडावते, सैल सोडला की निमुळती होते. अशा वाकत जाणाऱ्या रेषांनी गालाचा उभार येतो, आणि उजेडाच्या कडेला रेषा संपून नुसते ठिपके उरतात. मग खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओलसर कागदावर जबर दाबाने ठसा घ्यायचा. शाई कागदावर उचलून राहते. कोरी नोट बोटाला खरखरीत लागते ती त्यामुळे.

1881 च्या नोटेवरची सम्राज्ञी जिंगू युरोपियन का दिसते? आणि क्योस्सोनेंची नोट उंदरांनी खाल्ली, ही नुसती गोष्ट का?

जिंगू ही दंतकथेतली राणी, तेव्हा हुबेहूब चेहरा आणणार कुठून? छापखान्यातल्या एका कामगार बाईवरून तो घेतला असं सांगतात, पण नाकडोळे जेनोवाचे झालेत हे कबूल. जपानी नोटेवर आलेला हा पहिला व्यक्तिचेहरा.

उंदरांचं मात्र खरंच आहे. 1885 मध्ये बँक ऑफ जपानच्या पहिल्या नोटा निघाल्या. त्यांवर दाइकोकू हा धनधान्याचा देव होता, म्हणजे आपल्या महाकालाचंच जपानात पोहोचलेलं रूप. कागद बळकट व्हावा म्हणून त्यात कोन्याकू या कंदाचं पीठ घातलं होतं. ते उंदरांना आणि किड्यांना आवडलं. त्यात दाइकोकूचं वाहन उंदीर; 1 येनच्या नोटेवर तर तो चित्रातही हजर! शिवाय गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी गंधकाच्या वाफेने शाई काळी पडायची. तरीही ती 1 येनची नोट कायद्याने अजून चालते, फक्त 1 येनलाच.

त्यांनी जमवलेल्या जपानी वस्तू कुठे पाहायला मिळतील?

जेनोवात, त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात. 1898 मध्ये ते टोकियोत वारले आणि तिथल्याच आओयामा दफनभूमीत त्यांना पुरलं. संग्रह मात्र त्यांनी आपल्या जुन्या अकादमीला ठेवला होता.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. त्यांच्या ट्रंकेत जपान सरकारच्या नावाची रुपयाची नोट सापडली. ती क्योस्सोनेंची असेल का? (सातारा)

नाही. ती ब्रह्मदेश ताब्यात घेतल्यावर जपानी लष्कराने काढलेली नोट. तिच्यावर कोणाचा चेहरा नाही, आणि नोटेच्या क्रमांकाच्या जागी छापलेल्या अक्षरांची सुरुवात रोमन बी ने असेल. अशा नोटा ढिगांनी छापल्या गेल्या, त्यामुळे किंमत किरकोळ येते. विकू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका.