पहिला संशोधन-पेपर जर्नलला पाठवण्याआधी

अगं, ‘भारतातील ई-गव्हर्नन्स’ हा विषय आधी खोड. एवढ्या पसाऱ्यावर संपादक पहिल्याच पानाला नकार कळवतो. तू इंदुरात आहेस, हेच तुझं भांडवल. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा गॅरंटी कायदा केला, तोही देशात सर्वांत आधी. मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील आणि दोषी अधिकाऱ्याला दंड. शिवाय तक्रारींसाठी महापालिकेचं ३११ ॲप आणि १८१ क्रमांकाची सीएम (मुख्यमंत्री) हेल्पलाइन. यातली एकच सेवा धर आणि विचार, स्क्रीनवर ‘निराकृत’ (म्हणजे मिटलेली) दिसणाऱ्या तक्रारीचं गल्लीत नेमकं काय झालं? आपल्या रामबागेतल्या काकू-आजींशी बोललीस तरी निम्मे प्रश्न सुचतील. (चहा मात्र दर घरी घ्यावा लागेल.)

माहिती अधिकारात अर्ज टाकण्यापूर्वी कलम ४(१)(ख) खाली कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर केलंय ते बघ. उत्तराला ३० दिवस, पुढे अपील. वेळापत्रक तसंच आख.

‘गव्हर्न्मेंट इन्फर्मेशन क्वार्टर्ली’ हे या विषयावरचं जर्नल १९८४ पासून निघतं. तिथे लेख तपासणारा समीक्षक हमखास विचारेल, इंदूरबाहेरच्या वाचकाला यातून काय मिळतं? याचं उत्तर प्रस्तावनेतच हवं, समारोपात नव्हे. एकच लेख एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवायचा नाही. ओपन ॲक्सेसचं, म्हणजे लेख सर्वांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाकडून घेतलं जाणारं, शुल्क बघून घाबरू नकोस. हायब्रिड जर्नलात दोन्ही मार्ग असतात; वर्गणीच्या मार्गाने, म्हणजे वाचक पैसे भरतो त्या मार्गाने, छापायला ते लागत नाही. चार दिवसांत ‘स्वीकृत’ म्हणून पैसे मागणाऱ्यांना उत्तरही देऊ नकोस.