‘अवर्णी भिंग’ : रंग नक्की कशातून जातो?

‘अवर्णी भिंग’ म्हणजे रंग नसलेल्या काचेचे भिंग का, आणि तसे असेल तर चष्म्याच्या साध्या भिंगालाही अवर्णीच म्हणावे लागणार नाही का, अशी विचारणा झाली आहे. शंका रास्त आहे, कारण शब्दाची घडण तोच अर्थ सुचवते. मात्र येथे ‘अवर्णी’ हे विशेषण काचेच्या रंगाविषयी काहीच सांगत नाही, ते भिंगातून मिळणाऱ्या प्रतिमेविषयी बोलते.

एकट्या बहिर्वक्र भिंगातून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो आणि भिंगाच्या अधिक जवळ एकवटतो, त्यामुळे दुर्बिणीत तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळट झालर दिसते. या दोषाला ‘वर्णविपथन’ म्हणतात. काही जण ‘रंगदोष’ लिहितात, पण तो शब्द छपाईतल्या चुकीलाही चालेल. ‘विपथन’मध्ये किरणाने वाट सोडल्याचे नेमके येते.

हा दोष घालवण्यासाठी क्राउन काचेच्या बहिर्वक्र भिंगाला फ्लिंट काचेचे अंतर्वक्र भिंग जोडतात. फ्लिंट काच प्रकाश वळवते त्या मानाने रंग फार फाकवते, म्हणून तिचे तुलनेने सौम्य भिंगही क्राउनने फाकवलेले रंग परत आणते आणि तरीही एकवटण्याची बरीच शक्ती शिल्लक राहते. नेहमीच्या काचा घेतल्या, तर १०० सेंमी नाभीय अंतराच्या जोडीसाठी क्राउनचे भिंग सुमारे ४३ सेंमीचे आणि फ्लिंटचे उणे ७६ सेंमीचे लागते. न्यूटनने हे अशक्य मानले होते. चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने १७३०च्या सुमारास ते साधले आणि १७५८ साली पेटंट मात्र जॉन डॉलंडला मिळाले. म्हणजे यातले कोणतेही एक भिंग अवर्णी नसते, जोडी अवर्णी असते. म्हणून मला ‘अवर्णी जोडभिंग’ हा प्रयोग अधिक काटेकोर वाटतो.

आता ‘अ’विषयी. ही जोडी बहुधा तांबडा आणि निळा असे दोनच रंग एका बिंदूवर आणते. बाकीचे रंग थोडे मागेपुढे राहतातच, तेव्हा ‘अ’चा अर्थ ‘अजिबात नाही’ असा घेतला तर शब्द खोटा पडतो. परंतु संस्कृत वैयाकरणांनी नकारार्थी ‘अ’चे जे सहा अर्थ सांगितले आहेत, त्यांत अल्पता हाही एक आहे, आणि त्याचे ठरलेले उदाहरण ‘अनुदरा कन्या’ हे आहे: पोट नसलेली नव्हे, बारीक पोटाची. त्या न्यायाने अवर्णी म्हणजे अल्पवर्णी, आणि हा अर्थ प्रकाशशास्त्राला अगदी मानवतो (शब्द घडवणाऱ्याच्या मनात तो होता, असा माझा दावा नाही).

तीन रंग एकत्र आणणाऱ्या ‘ॲपोक्रोमॅट’ला, जो एर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकासाठी सिद्ध केला, काही जण ‘पूर्ण अवर्णी’ म्हणतात. तेथेही थोडा रंग उरतोच, त्यामुळे ‘त्रिवर्णशोधित’ असे लांबलचक, पण खरे नाव मी पसंत करीन.