नुसतं लिहिता-वाचता येऊन बाईची गरिबी कमी होते का?

तुम्ही विचारलंय की बाई शिकली की घर वर येतं असं सगळेच म्हणतात, पण अक्षरओळखीने हातात खरंच दोन पैसे जास्त पडतात का? लगेच नाही पडत. जाणारे मात्र थांबतात.

मी मानखुर्दला बायकांचा वर्ग घेते. दुपारी अडीच ते चार, कारण सकाळची कामं उरकून संध्याकाळचं पाणी यायच्या आत तेवढाच वेळ सापडतो. वर्गातल्या एक मावशी चार घरी धुणीभांडी करतात. एका घरी बाई खाडे मांडायच्या आणि महिनाअखेरीला स्वतःच्या हिशेबाने पैसे कापायच्या. मावशी आकडे शिकल्या आणि त्यांनी आपल्या भिंतीवर वेगळं कॅलेंडर टांगलं. पहिल्याच महिन्यात तीन खाड्यांचा फरक निघाला! पगार वाढला नाही, पण पुरा मिळाला. बचत गटातही तेच. अध्यक्ष कुणालाही करतात, पण वही जिला लिहिता येते, तिच्या शब्दाला कर्ज देताना वजन असतं.

तरी सगळं श्रेय पाटीपेन्सिलीला देऊ नका. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया किराणावाल्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. त्यातल्या कितीतरी जणींना वाचता येत नव्हतं. त्यांना सावरलं ते स्वस्त कर्जाने.

आकड्यांचं म्हणाल तर १९५१ च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम ९ टक्के बायका साक्षर होत्या, २०११ मध्ये सुमारे ६५ टक्के. समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे, नुसती सही चालत नाही, असा नियम आहे. पण मोजणीला आलेला माणूस परीक्षा थोडीच घेतो, विचारतो. माझ्या वर्गातल्या दोघींच्या नवऱ्यांनी परस्पर ‘हो’ सांगून टाकलंय.

आणि गरिबी आधी की निरक्षरता? आमच्या गल्लीत तरी गरिबी आधी. मुलींना बारावीपर्यंत फी नाही, तरी आई कामाला गेली की धाकट्याला सांभाळायला थोरलीच घरी राहते. पाळणाघर असतं तर ती शाळेत दिसली असती.

मावशी अजून जोडाक्षरांत अडकल्यात. पण यंदा त्यांनी दिवाळीचा बोनस मागितलाय. त्या बाई म्हणाल्या, ‘तुमच्या कॅलेंडरने डोक्याला ताप झालाय.’