शहरात बस आणि मेट्रो असताना प्रवासी व्हॅन कशाला लागतात?
कारण मोठी बस सगळीकडे परवडत नाही. जिथे प्रवासी तुरळक, तिथे ती रिकामीच धावते. बारा-पंधरा सीटची व्हॅन मात्र भरते आणि लोकांना स्टेशनपर्यंत आणून सोडते. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या संपात बस आणि सबवे (भुयारी रेल्वे) बंद पडल्या, तेव्हा अशा व्हॅननी लोकांना कामावर पोचवलं. संप मिटला, व्हॅन राहिल्या.

खोट एकच, पण मोठी. ड्रायव्हरची कमाई सीटवर अवलंबून, म्हणून गाडी भरेपर्यंत हलत नाही आणि भरली की सुसाट! हाँगकाँगमध्ये अशा छोट्या गाड्या, म्हणजे मिनीबस, दोन प्रकारच्या आहेत. हिरव्या मिनीबसना सरकारने मार्ग, भाडं ठरवून दिलंय. लाल मिनीबसना बरीच मोकळीक आहे. मला विचाराल तर हिरवा प्रकार बरा. नुसती बंदी घातली तर व्हॅन पुढच्या कोपऱ्यावर उभी राहते, इतकंच.