दोन पांडा की दोन पांडे?

प्रश्न असा आला आहे: 'मुलीच्या पुस्तकात एका पानावर "पांडा अस्वल" आहे आणि पुढच्याच पानावर "पांड्याचे डोळे". पांडाला अस्वल म्हणणं बरोबर का? त्याला अस्सल मराठी शब्द नाही का? आणि दोन असले तर पांडे म्हणायचं का?'

शेवटचा प्रश्न आधी घेतो. घोडा, घोडे, घोड्याने. त्या चालीने पांडा, पांडे, पांड्याने. व्याकरण तक्रार करणार नाही. पण 'सिचुआनच्या डोंगरात पांडे राहतात' हे वाचून मला तरी बनारसकडचं एखादं कुटुंब दिसतं, आणि 'पांड्याने बांबू मोडला' म्हटलं की थेट क्रिकेटचं मैदान. आकारान्त शब्द बाहेरून आला की तो जिभेवर रुळेपर्यंत जसाच्या तसा राहतो आणि मग हळूहळू वाकायला लागतो. 'झेब्र्याचे पट्टे' आता कानाला खटकत नाहीत, 'दोन पिझ्झे सांग' तर सर्रास ऐकू येतं. पांडा अजून तेवढा घरचा झालेला नाही. मी 'पांडाने, पांडाला, दोन पांडा' असं लिहितो. 'पांड्याचे' चूक नव्हे, फक्त एका पुस्तकात एकच काहीतरी ठेवा. आणि 'पांडीण' नको, 'पांडाची मादी' पुरे.

आता अस्वल. हो, तो अस्वलच. शास्त्रज्ञांचा यावर शंभरेक वर्षं वाद चालला होता. 1980च्या दशकात जनुकीय पुराव्यांनी त्याला अस्वलांच्या कुळात पक्कं बसवलं. म्हणून 'पांडा अस्वल' बिनधास्त लिहावं. मात्र लिंग सांभाळा: पांडा झोपला, पण पांडा अस्वल झोपलं.

खरी गंमत नावात आहे. 'पांडा' हे नाव मुळात या काळ्यापांढऱ्या प्राण्याचं नाहीच. ते हिमालयातल्या तांबूस, झुपकेदार शेपटीच्या लहान प्राण्याचं. शब्द नेपाळी मुळाचा असावा असं मानतात. 1825मध्ये फ्रेडरिक क्युव्हिए यांनी त्या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मोठा पांडा पाश्चात्त्य विज्ञानाला कळला तो 1869मध्ये, आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मगुरूमुळे. तोही बांबू खातो, म्हणून पुढे हेच नाव त्याला चिकटलं आणि मूळ मालकाला ओळख पटवायला 'लाल पांडा' म्हणवून घ्यावं लागलं! दोघांची कुळं वेगळी. हा लाल पांडा सिक्कीमचा राज्यप्राणी आहे, तेव्हा 'भारतात पांडा नाही' हे विधानही जपूनच करावं. तीर्थक्षेत्रातल्या पंड्याशी मात्र दोघांचाही संबंध नाही.

चिनी लोक मोठ्या पांडाला 'शियोंगमाओ' म्हणतात. शियोंग म्हणजे अस्वल, माओ म्हणजे मांजर; झालं अस्वलमांजर. तैवानमध्ये हेच उलटून 'माओशियोंग', मांजरअस्वल, असंही म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. पाणमांजर मांजर नाही, उदमांजर मांजर नाही, खवल्या मांजर तर मांजराच्या आसपासही नाही. नवा शब्द घडवायचाच असता तर 'अस्वलमांजर' आपल्या परंपरेत चपखल बसला असता. पण गरज काय? पांडा म्हटल्यावर शेंबड्या पोरालाही कळतं.

अस्वल असूनही त्याचं वागणं अस्वलासारखं नाही, शंकेला जागा मिळाली ती त्यामुळेच. आतडी मांसाहाऱ्याची, ताटात मात्र बांबू. त्यातलं पचतं पाचव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून दिवसाचे दहाबारा तास खाण्यात जातात. खाताना बघण्यासारखा असतो. पाठ टेकून माणसासारखा बसतो, कांडं पंजात धरतो, दातांनी वरची साल काढतो आणि आतला गर कडाकडा चावतो, अगदी आपण ऊस सोलून खातो तसं. ते कांडं पेलायला त्याला सहावं बोट आहे, पण ते बोट नव्हे. मनगटाचंच एक हाड वाढून अंगठ्याचं काम करतं. मराठीत त्याला मी सरळ 'खोटा अंगठा' म्हणेन.

एवढ्या निकस खाण्यावर चरबी साठत नाही, म्हणून तो इतर काही अस्वलांसारखा हिवाळाभर झोपत नाही. थंडी वाढली की डोंगर उतरून खाली येतो. राहतो फक्त चीनमध्ये: सिचुआन, शाआन्शी, कान्सू. 2015मध्ये जाहीर झालेल्या गणनेत रानात 1864 पांडा होते. मादी वर्षातून एकदाच, दोनतीन दिवस माजावर येते. पिल्लू जन्मतं ते शंभरेक ग्रॅमचं, गुलाबी, आंधळं.

हो, पिल्लूच म्हणा. पुस्तकात पुढे कुठे 'पांडाचा बछडा' दिसला तर तो वाघाकडे परत पाठवा.