मानसिक आजारांच्या केंद्राचं कामकाज ठरवताना रुग्णांचं आणि घरच्यांचं मत खरोखर कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या तुमच्या केंद्रात सूचनापेटी लावून चार महिने झाले आणि आत दोनच चिठ्ठ्या निघाल्या, त्यातली एक पंख्याबद्दल. म्हणून आता समिती नेमून तिच्यात एक ‘रुग्ण व पालक प्रतिनिधी’ घ्यायचा विचार आहे. मी त्या खुर्चीवर बसलेली बाई आहे, म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, 19 वर्षं झाली. आम्ही नाशिकरोडला राहतो. काही वर्षांपूर्वी तो जिथे औषधाला जायचा (नाव सांगत नाही) तिथे अशीच समिती झाली आणि मला बोलावणं आलं. खुर्ची एक, प्रतिनिधित्व दोघांचं. तोही सोबत आला होता, मागच्या बाकावर चहा-बिस्कीट घेऊन बसला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरच्यांची मोठी अडचण कोणती? मी ताडकन सांगितलं, “गोळ्या घेत नाहीत हो. बिनचवीचं थेंबांचं औषध इथे मिळालं तर बरं, वरणात घालून देता येतं.” दोन-तीन आयांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात माझी सूचना पहिल्या नंबरला लिहिली गेली.

घरी मी आठ महिने तेच करत होते, बाहेरून आणून. त्याला ते कळलं तिथे, त्या हॉलमध्ये, हातात बिस्कीट असताना. बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. त्या रात्रीपासून त्यानं वरण सोडलं. वर्षभर स्वतःची खिचडी स्वतः लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत कुकरपाशी उभा राहायचा.

सांगायचं ते एवढंच: घरच्यांचं मत म्हणजे रुग्णाचं मत नव्हे. कित्येकदा ती दोन टोकं असतात. मला घरात शांतता हवी होती, त्याला डोकं जागं हवं होतं. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत, पण निदान दोन आहेत हे लक्षात घ्या.

पुढे बऱ्याच महिन्यांनी, तो जरा बोलायला लागल्यावर, मी विचारलं की तिथलं एक काही बदलायचं असेल तर काय बदलशील? मला वाटलं डॉक्टर म्हणेल. तो म्हणाला, “ताई, नऊला बोलावतात. रात्रीच्या गोळीनं अकरापर्यंत माझी जीभ उचलत नाही. कसा आहेस विचारलं की मी ‘बरा’ म्हणतो. तो सगळ्यात छोटा शब्द आहे.” त्याच्या केसपेपरवर वर्षानुवर्षं ‘कमी बोलतो’ असं लिहिलेलं होतं आणि आम्ही सगळे त्याला आजाराचं लक्षण समजत होतो!

हे मी पुढच्या बैठकीत मांडलं, की ओपीडी बारानंतर घ्या. तर सुरगाण्याहून मुलीला घेऊन येणारी एक ताई उसळलीच. दुपारी नंबर लागला तर परतीची बस चुकते, मग रात्र काढायची कुठे? तिचंही बरोबर होतं. दहा मिनिटांत तोडगा निघाला: बाहेरगावचे सकाळी, शहरातले बारानंतर. याला ना पैसे लागले ना वरून मंजुरी. फक्त दोघंही खोलीत असायला हवे होते.

आता तुमच्याबद्दल. पेटी काढून टाका. ज्याच्या हातून गोळ्या घ्यायच्या त्याच्याविरुद्ध कुणी चिठ्ठी लिहीत नाही, अक्षर ओळखू येतं ही भीती असते. आधी शुभार्थींना वेगळं बसवा, तेवढा वेळ आम्हाला बाहेर चहा पाजा. मग आम्हाला वेगळं, आणि शेवटी एकत्र. प्रत्येक बाजूचे दोघं-तिघं तरी हवेत, एकटा माणूस एवढ्या डॉक्टरांसमोर मान हलवून परत जातो. येण्याजाण्याचं भाडं द्या, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत रोजावर असणाऱ्याचा बुडालेला रोजही द्या. तुमचे डॉक्टर काही फुकट बसत नाहीत त्या बैठकीला. बुधवार टाळा, गोदाघाटावर बाजार असतो, भाजी विकणाऱ्या आया येणार नाहीत. आणि सुरुवातीलाच सांगून टाका की काय तुमच्या हातात आहे आणि काय नाही. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. दाखल करायची वेळ आली तर नाशिककराला कसारा घाट उतरावा लागतो. ते तुम्ही बदलू शकणार नाही. पण केसपेपरच्या खिडकीत कोण बसतं, ते तुमच्या हातात आहे. आजारातून सावरलेल्या एखाद्याला तिथे पगारावर बसवा. फार फरक पडतो. मागच्या वेळी जे मागितलं त्यातलं काय झालं, काय नाही आणि का नाही, हे फळ्यावर लिहा, नाहीतर तिसऱ्या बैठकीला कुणी फिरकणार नाही.

वरिष्ठ कुरकुरले तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दाखवा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर (राज्यातल्या मानसिक आरोग्य सेवांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आजार भोगलेल्यांच्या दोन जागा आणि काळजी घेणाऱ्यांच्या दोन, अशा वेगवेगळ्या मोजल्या आहेत. रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळावर मात्र रुग्ण, घरचे, संस्था सगळ्यांना मिळून दोनच जागा. तिथे घरचेच पुढे सरसावणार, हे मी स्वतःवरून सांगते.

त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे, ती तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. पुढे आजार उसळला आणि स्वतःला निर्णय घेता येईना, तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं ते माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठेवू शकतो. तो माणूस रक्ताच्या नात्यातला असलाच पाहिजे असं नाही. भावानं मागच्या वर्षी असा कागद केला. मी धरूनच चालले होते की माझं नाव असणार. त्यानं मामेभावाचं लिहिलं. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, “ताई, तू वरण फार छान करतेस.”